दम धरू नका, नाना

“मी दोन मिनिटं दम धरतो. विहिरीत.” कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून नाना सांगत होते. सकाळचे साडेसहा झाले असतील, पण अंदमानात पाचलाच उजाडतं, त्यामुळे ऊन चांगलं वर आलेलं. स्वराज द्वीपाचा, म्हणजे अजूनही सगळे ज्याला हॅवलॉकच म्हणतात त्या बेटाचा, उथळ किनारा. नाना स्कूबा डाइव्हिंगला आलेले: पाठीवर हवेची टाकी, अंगात काळा रबरी सूट, मिशीवर मीठ, डोळे लाल. तिसऱ्यांदा वर आले होते ते, आणि तिन्ही वेळा एक परस खोलीच्या पुढे गेले नव्हते. इन्स्ट्रक्टर पोरगा बेटावरचाच, पंचविशीचा. तो न कंटाळता सांगत होता, “साँस रोकना नहीं है अंकल, लेते रहना है.” नाना मान हलवत, रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा देणारी तोटी, तोंडात घेत, गुडघे वाकवत आणि डोकं पाण्याखाली गेलं रे गेलं की छाती भरून घेऊन दम धरत. काठावर उभ्या माणसाला ते लगेच कळतं. बुडबुडे थांबतात.

नाना यावल तालुक्यातले, केळीचे शेतकरी. पन्नाशी केव्हाच ओलांडलेली, पण खांदे पाहिले तर पोहणारा माणूस ओळखू येतो. त्यांच्याबरोबर त्यांची धाकटी सून होती, माहेर साक्रीकडचं. तिला पोहता येत नव्हतं. विहिरीच्या काठावर धुणं धुतलं, त्यापलीकडे पाण्याशी संबंध नाही. ती नानांच्या आधी उतरली, ८ मीटरपर्यंत गेली आणि २५ मिनिटांनी वर आली.

पाण्यात वाढलेला माणूस वर राहिला, आणि जिला पाणी माहीत नव्हतं ती तळ बघून आली. हे काही केल्या डोक्यातून जाईना.

खानदेशात पोहणं म्हणजे विहीर. समुद्र कोसो दूर. तापी-गिरणेला पावसाळ्यात हात लावायची सोय नाही आणि उन्हाळ्यात पात्र उरतं, पाणी उरत नाही. त्यामुळे मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकला की पोरं शेतातल्या विहिरीवर. पाठीला हवाबंद डबा किंवा सुका भोपळा बांधायचा, कमरेला दोर, दोराचं टोक काकाच्या हातात, आणि थारोळ्यावरून ढकलून द्यायचं. चार दिवसांत डबा सुटतो, आठ दिवसांत मुटका जमतो. मग खरी परीक्षा: काठावरून पैसा टाकायचा आणि तो तळाशी जाऊन आणायचा. वरची ऊन पडलेली कोमट सायीसारखी पातळी, तिच्याखाली एकदम गार पाणी, मग हिरवट अंधार, कपारीतून येणारा झऱ्याचा थंड झोत, कानात कळ, आणि बोटांना लागलेला गाळ. वरून एकच आवाज: दम धर. आपल्या भाषेत तर धीर धरण्यालाही दम धरणंच म्हणतात. विहिरीत दम हे भांडवल असतं. जपून वापरायचं, उधळायचं नाही, आणि शेवटचा बुडबुडा वर डोकं निघेपर्यंत सोडायचा नाही. हे शिक्षण दहाव्या वर्षी अंगात मुरतं आणि मग ते विचारून बाहेर येत नाही.

(विहिरीवर अजून पोरं उतरत असतील तर एक सांगायलाच हवं. पैसा काढण्याआधी भराभर खोल श्वास घेण्याची खोड मोडून काढा. श्वास घ्यावासा वाटतो तो प्राणवायू कमी झाला म्हणून नव्हे, तर मुख्यतः रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढला म्हणून. भराभर श्वास घेतल्याने तो आधीच उतरतो, शरीराची सूचना उशिरा येते आणि तोवर शुद्ध गेलेली असते. यात चांगलं पोहणारी पोरंच जातात.)

नानांना दाब शिकवावा लागला नाही. ज्याने सबमर्सिबल पंप घेतला आहे त्याला हेड, म्हणजे पाण्याची उभी उंची, कळतं: १० मीटर हेड म्हणजे १ किलो प्रेशर. समुद्रात हिशेब तोच. आपल्या डोक्यावरच्या हवेचा १ किलो असतोच. १० मीटर खाली गेलं की पाण्याचा आणखी १, म्हणजे दाब दुप्पट. २० वर तिप्पट, ३० वर चौपट. हवा त्याच हिशेबाने आकसते; रॉबर्ट बॉइलने १६६२ मध्ये मांडलेला नियम तो हाच. लोकांचा समज असा असतो की खोल गेलं तर धोका, उथळात काय व्हायचंय. प्रत्यक्षात दाब दुप्पट होतो तो पहिल्या १० मीटरांत; २० वरून ३० वर जाताना तो दीडपटही होत नाही. कान, मास्क, फुप्फुसं यांना सगळ्यात मोठा झटका बसतो तो या वरच्या थरात, आणि हौसेने एकदाच उतरणारा पाहुणा नेमका तिथेच असतो.

आता विहिरीतला दम घ्या. माणूस काठावर छातीत ६ लिटर हवा भरतो आणि सूर मारतो. ५ मीटरवर दाब दीडपट, म्हणून त्या ६ चे ४ लिटर होतात. वर येताना पुन्हा ६. जेवढी होती तेवढीच. म्हणून विहिरीत दम धरून कितीही झपाट्याने वर या, फुप्फुसाला काही होत नाही. टाकी घेतलेल्या माणसाचं उलट. ५ मीटरवर तो छाती भरून ६ लिटर घेतो ते तिथल्या दाबाचे, दाबून भरलेले. ते तसेच कोंडून तो वर निघाला तर पाण्याबाहेर येईपर्यंत त्या ६ चे ९ होऊ बघतात. छातीत ९ लिटरला जागा नसते. फुप्फुसाचे नाजूक कोश फाटतात, हवा रक्तात शिरते, मेंदूपर्यंत जाऊ शकते. यासाठी खोल जावं लागत नाही. छाती पूर्ण भरलेली असेल तर सव्वा-दीड मीटरचा फरकही पुरतो. वर आणखी एक: छाती भरून धरली की शरीर दोन-तीन लिटरने फुगतं आणि आपोआप वर उचललं जातं. म्हणजे दम धरणारा माणूस नकळत वरही निघतो, आणि वर निघताना दम धरलेलाच असतो.

विहिरीतला दम वरचा असतो. टाकीतला खालचा.

टाकीला आपल्याकडे सरसकट ऑक्सिजनचा सिलिंडर म्हणतात. तिच्यात साधी हवाच असते, गाळलेली, कोरडी केलेली आणि दाबून भरलेली: सुमारे २१ टक्के प्राणवायू, बाकी बहुतेक नायट्रोजन. निव्वळ प्राणवायू भरला तर ६ मीटरच्या खाली तोच घातक ठरतो, झटके येऊ शकतात. नेहमीची अॅल्युमिनियमची टाकी ११ लिटर पोटाची; २०० किलो दाबाने भरली की तिच्यात सुमारे २,२०० लिटर हवा मावते. ड्रिपच्या लाइनला १ किलो ठेवणाऱ्या माणसाला २०० किलो ऐकून दचकायला होतं, आणि तो थेट तोंडात कसा घ्यायचा हा प्रश्न रास्तच. रेग्युलेटर तो दोन टप्प्यांत उतरवतो. टाकीच्या तोंडाशी बसवलेला पहिला टप्पा २०० चा दाब भोवतालच्या दाबापेक्षा साधारण १० किलोने जास्त एवढ्यावर आणतो. नळीच्या टोकाला, तोंडात धरायचा दुसरा टप्पा. त्याच्यात वाटीएवढा रबरी पडदा असतो. पडद्याच्या बाहेर समुद्र, आत आपला श्वास. आपण हवा ओढली की पडदा आत वाकतो, दांडी दाबतो, झडप उघडते आणि त्या खोलीच्या दाबाची हवा येते; ओढणं थांबलं की बंद. सोडलेली हवा खालच्या पातळ झडपेतून बुडबुडे होऊन निघून जाते. चढउताराच्या शेतात पहिल्या झाडाला आणि शेवटच्या झाडाला सारखंच पाणी मिळावं म्हणून ड्रिपरमध्ये रबराची चकती असते ना, दाब वाढला की वाट अरुंद करणारी? ही तिचीच बहीण समजा. फ्रान्समध्ये १९४३ च्या सुमारास एमिल गान्यां हा अभियंता आणि नौदलातले जाक कुस्तो यांनी ही मागणीप्रमाणे हवा देणारी झडप पाण्याखाली नेली. त्याआधी पेट्रोलटंचाईत गॅसवर गाड्या चालवण्यासाठी गान्यां अशाच झडपेवर काम करत होता. नानांनी दुसरा टप्पा हातात घेऊन पुढचं बटण दाबून पाहिलं, फुस्स करून हवा आली, आणि म्हणाले, “डायफ्राम शे म्हना.” समजलं होतं त्यांना सगळं. छातीला समजलं नव्हतं.

कानाचं शिक्षणही विहीर अर्धवटच देते. तळाशी कानात कळ येते ती सोसायची असते एवढंच तिथे शिकतात. खरं तर ती कळ म्हणजे पडदा आत ढकलला जातोय याची सूचना. मधल्या कानातून घशाकडे जाणारी नळी एरवी मिटलेली असते. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हलकेच फुंकलं की ती उघडते, कानात ‘टप्’ होतं आणि दाब बरोबरीला येतो. हे दुखायला लागल्यावर नव्हे, दुखायच्या आधी करायचं. डोकं पाण्याखाली गेल्यापासून, दर अर्ध्या-पाऊण मीटरला. लोक चुकतात ते दोन ठिकाणी. एक तर वाट बघतात, आणि एकदा दाबाने नळीचं तोंड घट्ट बसलं की मग कितीही फुंका, उघडत नाही. दुसरं, मग जोर लावतात. जोर लावायचा नाही. अर्धा मीटर वर यायचं, पुन्हा हलकेच प्रयत्न करायचा, जमलं तर खाली, नाही जमलं तर त्या दिवशी नाही. सर्दी असेल तर उतरायचंच नाही. नाक मोकळं करणारी गोळी घेऊन उतरणारे महाभाग असतात; गोळीचा असर पाण्याखाली संपला तर वर येताना हवा कानात अडकते, आणि तेव्हा वर येणं टाळता येत नाही. डाइव्हनंतर कान बसल्यासारखा वाटला तर घरी येऊन लसणाचं कोमट तेल घालू नका. पडद्याला भोक पडलं असेल तर ते तेल थेट आत जातं. कानाच्या डॉक्टरला दाखवा.

मास्कचं काम पोहण्याच्या चष्म्याने होत नाही, कारण आतली हवा दबली की ती भरून काढायला नाक आत असावं लागतं; खाली जाताना नाकातून थोडी हवा सोडत राहिलं नाही तर मास्क चेहऱ्याला चिकटतो आणि डोळ्यांच्या पांढऱ्यात रक्त उतरतं. काच धुरकटू नये म्हणून आतून थुंकी चोळून एकदा विसळायची. किळस वाटत असेल तर लहान मुलांचा शाम्पू थेंबभर. आपल्याकडच्या पुरुषांची अडचण म्हणजे मिशी. मास्कची सिलिकॉनची कड वरच्या ओठावर बसते, केसांतून पाणी झिरपतं. नाकाखालची बोटभर पट्टी बारीक केली तर बराच फरक पडतो, पण मिशीला हात लावू देणारा खानदेशी माणूस विरळा. मग पाणी काढायला शिकायचं: मास्कची वरची कड दोन बोटांनी कपाळावर दाबायची, मान जरा वर, आणि नाकातून संथ, लांब हवा सोडायची. पाणी खालून निघून जातं. आणखी एक गोष्ट, जरा कटू. वर्षानुवर्षं गुटखा खाल्लेल्यांचं तोंड पुरेसं उघडत नाही. रबरी तोटी दातांत नीट धरताच येत नाही, गालांच्या कडेने पाणी येतं. गावाकडच्या डॉक्टरकडे जायला जे टाळतात त्यांना आपल्या तोंडाची खरी अवस्था इथे किनाऱ्यावर कळते.

पाण्याखाली बोलणं हातांनी. अंगठा वर म्हणजे ‘मस्त’ नव्हे, ‘वर चला’. अंगठा आणि तर्जनीचा गोल म्हणजे ठीक. पंजा आडवा धरून डावी-उजवीकडे हलवला म्हणजे काहीतरी बिघडलंय, मग बोट त्या जागेकडे. कॅमेरा समोर आला की सवयीने अंगठा वर जातो आणि इन्स्ट्रक्टर माणसाला घेऊन वर निघतो, हे रोजचं.

सुनेकडे परत येतो. ती वर आली तेव्हा ओठ तोटीने दुखत होते, नाकाच्या दोन्ही बाजूंना मास्कचे वळ. पहिलं वाक्य माशांबद्दल नव्हतं. ती म्हणाली, “खाली आवाज येतो. कढईत लाह्या फुटतात तसा. सारखा.” तो आवाज चिमुकल्या कोळंबीचा. ती एक नांगी मिटून पाण्यात चटका उडवते, आणि प्रवाळात अशा हजारो असतात. पाण्यात आवाज हवेच्या चौपट वेगाने जातो, त्यामुळे दोन्ही कानांना तो जवळपास एकाच क्षणी पोचतो आणि कुठून येतोय ते कळत नाही. सगळीकडून येतोय असंच वाटतं. दुसरा आवाज तिने सांगितला तो कुरकुर खाण्याचा. पोपटमासा दातांनी प्रवाळ खरवडतो तेव्हा खरंच ऐकू येतं, आणि खाल्लेलं चुनखडं तो बारीक पांढरी वाळू करून मागून सोडतो. किनाऱ्यावर आपण ज्या वाळूत बसतो तिच्यातली बरीच अशी त्याच्या पोटातून आलेली असते. मग ती मनगटाकडे पाहून म्हणाली, “हा धागा खाली काळा झाला होता.” लाल देवीचा धागा. पाणी आधी लाल रंग गिळतं. पाच-सहा मीटरच्या पुढे लाल तपकिरी-काळपट दिसतो, मग नारिंगी, मग पिवळा फिकटत जातो. बॅटरीचा उजेड जवळून टाकला की तोच धागा पुन्हा लाल. मासे होते त्याहून तिसऱ्या हिश्श्याने मोठे दिसतात, म्हणून हात लांबवला की हाताला लागत नाहीत. लागू नयेतच. प्रवाळ दगडासारखा दिसला तरी वर सगळी जिवंत कातडी असते. पायाच्या पंखाचा एक फटका, आणि वर्षानुवर्षांची वाढ तुटते. २०१० च्या उन्हाळ्यात अंदमानचं पाणी नेहमीपेक्षा तापलं आणि प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले, कारण तापलेला प्रवाळ आपल्या आत राहून त्याला अन्न देणारं शेवाळ बाहेर टाकतो आणि उपाशी पडतो. मे महिन्यातल्या लू ने करपलेली केळीची बाग पाहिलेल्या माणसाला ते दृश्य वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

तिला का जमलं याचं एक उत्तर सोपं आहे. तिच्या अंगात मोडायची सवयच नव्हती. ‘श्वास लांब सोड’ म्हटलं, तिने सोडला. पण हे उत्तर मला पुरत नाही, आणि त्यात कुठेतरी टोचतंही. आपल्याकडे विहिरीत मुलगे उतरले. मुलींना कुणी डबा बांधला नाही. शाळकरी भाऊ मुटके मारत असताना बहीण वर कपडे सांभाळत बसली. पंचविसाव्या वर्षी ती आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण पाण्याखाली गेली ती एकदम समुद्रात, आणि तिथून वर येऊन लाह्यांचा आवाज सांगत होती. आनंद झालाच. पण रावेर-यावलकडे पाण्याची पातळी इतकी खाली गेली आहे की पोहायला पाणी असलेल्या विहिरीच आता कमी. बोअरमध्ये कुणी पोहत नाही. तिच्या मुलीला तिने शिकवायचं ठरवलं तरी कुठे शिकवणार?

उतरायचं असेल तर घाई करणारा माणूस टाळा. पहिल्या वेळी उतरणाऱ्याला १२ मीटरच्या खाली नेत नाहीत, वय किमान १० असावं लागतं आणि आधी आरोग्याचा अर्ज भरून घेतात: दमा, फिट, हृदयविकार, नुकती शस्त्रक्रिया, गर्भारपण. तिथे खोटं ‘नाही’ लिहून फायदा काहीच नाही. त्यानंतर कमरेएवढ्या पाण्यात निदान पंधरा-वीस मिनिटं सराव झालाच पाहिजे: तोंडाने श्वास, मास्कमधलं पाणी काढणं, आणि तोंडातला रेग्युलेटर सुटला तर उजवा हात मांडीपासून मागे वळवून घेत नळी पकडणं, परत तोंडात घेऊन ‘टू’ म्हणत आतलं पाणी बाहेर फुंकणं. रेग्युलेटर तोंडाबाहेर असतानाही ओठांतून बारीक बुडबुडे सुटत राहिले पाहिजेत. काही ठिकाणी, इथे काय आणि मालवणकडे काय, हा सराव दोन मिनिटांत उरकतात आणि पाहुण्याला मागून टाकीला धरून, गाठोड्यासारखं खाली नेऊन व्हिडिओ काढून आणतात. पाहुणा खूश असतो. त्याला काय टळलं हे त्याला कधीच कळत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. आदल्या रात्रीचं जेवणही सांभाळा. डब्यात आणलेली शेव आणि झणझणीत रस्सा चापून सकाळी उतरलं की डोकं खाली गेल्याबरोबर आंबट वर येतं. उलटी आलीच तर रेग्युलेटर तोंडातच ठेवून त्यातूनच करायची, मग पुढचं बटण दाबून तो साफ करायचा. काढून टाकला तर पुढचा श्वास पाण्याचा.

परतीचा हिशेब तर बहुतेक जण करतच नाहीत. भुसावळ-जळगावचे लोक नवजीवनने चेन्नई गाठतात, तिथून विमानाने येतात, आणि सगळ्यात शेवटची सकाळ डाइव्हला ठेवतात, दुपारी विमान. हे चुकीचं. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. विमानात दाब उतरतो आणि गोटीसोड्याची गोटी दाबल्यावर होतं तसं व्हायची भीती. एकच साधी डाइव्ह असेल तर किमान १२ तास, एकाहून जास्त असतील तर १८ तास जमिनीवर राहायचं. मी तर पूर्ण एक दिवस मध्ये ठेवा म्हणतो. डाइव्ह पहिल्या दिवशी ठेवावी, बाजारहाट शेवटी.

नाना त्या सकाळी चौथ्यांदा उतरले नाहीत. सूट काढून नारळाच्या बुंध्याला टेकून बसले, पुतण्याने आणलेला चहा घेतला नाही. दुपारी तीनच्या सुमाराला पाणी पुन्हा बरोबरीला आलं तेव्हा सून त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि हळू आवाजात म्हणाली, “नाना, भजनात तुम्ही विठ्ठल ओढता ना, तसं ओढा. त्यात दम धरता येतो का?” नाना दरवर्षी मुक्ताईच्या पालखीबरोबर चालत जातात, टाळ त्यांच्या हातात असतो आणि सूर वर नेणारे ते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, काही बोलले नाहीत. उठले.

इन्स्ट्रक्टर पोराने या खेपेला खाली नेलंच नाही. कमरेएवढ्या पाण्यात उभं करून फक्त तोंड पाण्यात घालायला लावलं. तोंडात रबर असताना विठ्ठल कुठला उमटतोय. नुसता ‘ऊऊ’ येतो, पण सूर काढायचा तर हवा सोडावीच लागते. पहिले काही श्वास तुटक होते, बुडबुड्यांचा एक घोस, मग थांबा, मग घाईने दुसरा. धाप लागल्यासारखे उथळ श्वास घेतले की छातीतली जुनी हवा तशीच राहते आणि टाकी भरलेली असूनही हवा पुरत नाही असं वाटतं. बहुतेक जण इथेच घाबरून वर येतात. उपाय एकच, अजून लांब सोडायचं. हळूहळू घोस लांबले. मग पोराने त्यांच्या अंगातल्या, हवेने फुगवून तरंगत ठेवणाऱ्या जॅकेटमधली हवा जराशी सोडली आणि दोघं गुडघ्यांवर वाळूत बसले, डोकी पाण्याखाली. नाकाला चिमटी गेली. मग पाणी हिरव्याचं निळं होतं तिथे उतरत गेले, दोन मीटर, अडीच, तीन.

वर काहीच दिसत नव्हतं. ऊन कललं होतं आणि लाटांवर चकाकी होती. सून पाण्यात गुडघ्यापर्यंत उभी राहून बुडबुड्यांवर नजर ठेवून होती. घोस येत होता, सहा-सात मोजेपर्यंत पाणी शांत, पुन्हा घोस. ती ओठांत आकडे मोजत होती. एकदा नऊपर्यंत काही आलं नाही; तिने माझा दंड धरला. दहाला आला, मोठा, फसफसून, आणि मग पुन्हा पहिल्या लयीत.

वीस मिनिटांनी दोघं वर आले. नानांनी मास्क उतरवला नाही, तोंडातली तोटी काढली आणि दाबाचा काटा हातात घेऊन पाहिला. १३० किलो. तो त्यांनी सुनेला दाखवला, इन्स्ट्रक्टरला दाखवला, आणि तोटी परत दातांत धरली.